पोथीतलं पाणी किती फुटांवर

माझ्या व्याह्यांकडे एक जाड रजिस्टर आहे. शाळेत हजेरीसाठी असतं तसलं, निळ्या पुठ्ठ्याचं. आयुष्यभर त्यांनी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हे रजिस्टर हाती धरलं. डाव्या पानावर वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवायचं, की अमुक देशात अमुक शोध लागला. उजव्या पानावर, फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात, तो शोध आपल्या पोथ्यांत कुठे आधीच सांगून ठेवला आहे त्याचा पत्ता. विमान, अणू, गर्भाची वाढ, परग्रह, सगळं आहे. राजवाड्यात बसून लांबच्या लढाईचं वर्णन ऐकवलं तो पहिला व्हिडिओ कॉल, हेही आहे. कोरोनात लोकांना हात धुवायला सांगत होते, तेव्हा त्या एका आठवड्यात त्यांची सात पानं भरली.

मी गोंदियात पाण्याच्या मोटारी विकतो. शिक्षण नववीपर्यंत. पोथ्यांत काय आहे आणि काय नाही ते मला ठाऊक नाही, आणि कुणी देवाधर्माचं वाचत असेल तर माझं काही बिघडत नाही. घरी आम्हीही पोथी लावतो, शेवटच्या दिवशी शिरा करतो. माझा राग वेगळ्या गोष्टीचा होता.

माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर पाहुणे सुपारी कातरत बसले होते. कुणीतरी मला विचारलं की तुम्ही धंद्यात कसे आले. मी सांगायला लागलो. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावाहून सतराव्या वर्षी मी बैलबाजारात गेलो, एका दलालाचे बैल धरायला. पाहून पाहून बैल ओळखायला शिकलो. विकणारा कानशीने दात घासून म्हातारा बैल जवान करतो, म्हणून नुसत्या दातांवर जाऊ नये. शिंगाच्या मुळाशी वळ्या असतात त्या मोजाव्यात, खूर पाहावा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा खूर पाहायला वाकलो तर बैलाने अशी लाथ घातली की उजव्या मांडीवर अजून खळगा आहे, वाटी बसेल एवढा. लोक हसत होते, मलाही रंग चढला होता. तेवढ्यात व्याही घसा साफ करून म्हणाले, "पशुपरीक्षा आपल्या ग्रंथांत आहेच. शिंगांच्या वळ्यांचा उल्लेखसुद्धा आहे."

झालं. सगळी तोंडं माझ्याकडून त्यांच्याकडे वळली. पुढचा अर्धा तास ते बोलले आणि लोकांनी माना हलवल्या. लाथ मी खाल्ली, नाव पोथीचं झालं.

मुलीचा बाप होतो, तोंड मिटून बसलो. पण या गोष्टीला बारा वर्षं झाली आणि एकही दिवस मी ती विसरलो नाही. मला वडिलांकडून एक खाट आणि एक आडनाव मिळालं, बाकी जे आहे ते मी केलं. दुकान मी केलं, घर मी केलं. आणि कुणी येऊन म्हणावं की हे आधीच लिहिलेलं होतं, तर मग मी काय नुसती नक्कल उतरवत होतो?

एका दिवाळीला मी त्यांचं रजिस्टर मागून घेतलं. त्यांना वाटलं, व्याही सुधारले. मी पान न पान पाहिलं. मजकूर नाही पाहिला, तारखा पाहिल्या. मास्तर माणूस, प्रत्येक नोंदीखाली तारीख घालतो. एकही पान असं नव्हतं की पोथीची तारीख आधी आणि कात्रणाची नंतर.

मी म्हणालो, "गुरुजी, बाजार उठल्यावर भाव सांगणारे मी खूप पाहिले. काल बैल एवढ्याला गेला, मला आधीच माहीत होतं, असं म्हणणारे. त्यांना मी एकच विचारतो. माहीत होतं, तर काल काऊन नाही बोलला?"

ते म्हणाले, "ज्ञान आधी असतं. ते दिसायला डोळे नंतर येतात."

"मग आज एक तरी दाखवा, ज्याचं कात्रण अजून आलं नाही. पोथीतून काढा, लिहा, तारीख टाका. मग पाहू पेपरात कधी येतं."

त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं. अगदी सावकाश, परीक्षेत एखाद्या पोराची चिठ्ठी काढून घ्यावी तसं. त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत आमचं बोलणं 'चहा घ्या' आणि 'घेतला' एवढ्यावरच चाललं. मुलीने मला फोनवर सुनावलं, "बाबा, तुम्ही बैलबाजार घरात आणता." मी म्हणालो, बैलबाजारात निदान भाव आधी बोलतात.

मग मुर्रीचं घर झालं.

मुलीने आणि जावयाने मुर्रीला प्लॉट घेऊन घर बांधलं. शहर तिथवर पोहोचलं आहे, नळ पोहोचला नाही. एका बाजूला धानाचे बांध, दुसऱ्या बाजूला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या विहिरीवरून पाइप टाकून मुलीकडे पाणी येत होतं. एप्रिल लागला आणि त्यांच्या विहिरीत बादली तळाला खणखणायला लागली. पंधरा दिवस पुरेल एवढंच पाणी उरलं होतं. बोअरचा ट्रक मोठ्या मुश्किलीने एका दिवसासाठी मिळाला. दुसऱ्या दिवशी तो सालेकशाकडे जाणार होता आणि मग पाऊस पडेपर्यंत परत यायचा नव्हता. म्हणजे भोक एकच. कोरडं गेलं तर मुलीने नव्या घराला कुलूप लावून गोंदियात पुन्हा भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं, हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. सामानाची खोकी तिने अजून फेकली नव्हती. मी पाहिली, पलंगाखाली होती.

सकाळी सातला मी पोहोचलो तर व्याही आधीच अंगणात उभे. हातात पोथी, बगलेत रजिस्टर. प्लॉटच्या कोपऱ्यात एक जुनं जांभूळ आहे, घर बांधताना मुलीने तोडू दिलं नाही. त्याच्या पूर्वेला कमरेएवढं वारूळ. व्याही वारुळापासून पावलं मोजत होते.

"पाणी इथे आहे," ते म्हणाले आणि चपलेच्या टाचेने खूण केली. "जांभूळ आणि त्याजवळ वारूळ असेल तर काही हातांवर गोड पाणी असतं. जमिनीखालच्या शिरांचं वर्णन आहे. शरीरात रक्तवाहिन्या असतात तशा. आज भूजलशास्त्र हेच सांगतं."

माझ्या डोक्यात साक्षगंधाची सुपारी वाजली. मला मागच्या बाजूला, रस्त्यालगत भोक पाडायचं होतं. कारण सांगायचं तर ट्रक तिथे सरळ लागतो. खरं कारण, ती जागा त्यांची नव्हती.

मुलगी म्हणाली, "बाबा, मामाजींनी जागा सांगितली, तिथेच करू. मोटार तुम्ही द्या."

"आणि पाणी नाही लागलं तर?"

"तर तुम्ही आहातच बोलायला," ती म्हणाली.

ट्रकवाला तमिळ माणूस, हिंदी बोलणारा. त्याने पानाची पिंक टाकून विचारलं, "सेठ, जगह बोलो. मशीन आपके झगड़े पे नहीं चलती, डीज़ल पे चलती है."

मी म्हणालो ठीक आहे, जांभळाजवळच करा. पण एक अट. पाणी किती फुटांवर लागेल ते आधी बोलायचं. पाणी लागल्यावर पोथी उघडून आकडा जुळवायचा नाही.

व्याही म्हणाले, "आकडा आहे पोथीत."

"मोठ्याने बोलू नका. दुपट्ट्याखाली बोला."

आमच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा यांच्या हातांवर दलाल आपला दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एक जण दुसऱ्याची बोटं धरायचा. जितकी बोटं तितके शेकडे किंवा हजार. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. एकदा बोटं धरली की तो भाव. नंतर मी असं म्हणालोच नव्हतो, असं चालत नसे. आणि कुणी मूठ मिटून पुढे केली तर त्याचा अर्थ सौदा नाही.

दलाल कोण? कुंपणापलीकडे रेल्वेवाले चहाचा कप घेऊन उभेच होते. त्यांना बोलावलं. ते बौद्ध, त्यांच्या बैठकीत तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि चहाला नाही म्हटलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागले.

"आमच्या विहारातही एक आहेत असे. दर रविवारी उभे राहतात. अणू काय, मेंदू काय, सगळं अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालंय म्हणतात. मी एकदा म्हटलं, साहेब, आमच्या गाड्या लेट काऊन होतात ते कुठं लिहिलंय का? तर म्हणाले, अनित्य."

व्याही हसले. मीही हसलो असतो, पण मी रागात होतो.

माझा दुपट्टा मी रेल्वेवाल्यांच्या हातावर टाकला. एक बोट म्हणजे दहा फूट, सगळा हात म्हणजे पन्नास, त्यापुढे पुन्हा धरायचं. व्याह्यांनी हात आत घातला. आयुष्यभर खडू धरलेला हात, त्यांना काही जमेना. दुपट्टा नुसताच हलत होता, आत कोंबडी ठेवल्यासारखा.

"अर्धं बोट चालतं का?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्या बोटाचा बैल नसतो, गुरुजी."

शेवटी त्यांनी काहीतरी धरलं आणि डोळे मिटून हात बाहेर काढला. रेल्वेवाल्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. चाळीस वर्षं फाटक सांभाळलेला माणूस, गाडी आली काय अन् गेली काय.

"झालं. चालू करा मशीन," मी म्हणालो.

"थांबा भाऊ," रेल्वेवाले म्हणाले. "तुमची बोटं?"

"माझी कायले? पोथी त्यांची आहे."

"जीभ तुमची आहे ना. बाजार उठल्यावर भाव सांगायचा नाही म्हणता, आणि तुम्हीच मागं राहून राहिले."

मुलगी पायरीवर बसून पाहत होती. मी हात दुपट्ट्याखाली घातला. इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मी त्या वेळी सांगितली नाही. माझ्या दुकानातून मुर्रीला किती मोटारी गेल्या हे मला तोंडपाठ आहे. मोटार विकताना बोअर किती खोल ते आधी विचारावं लागतं, नाहीतर ती पाणी वर फेकत नाही. त्या भागातल्या बहुतेक लोकांना दीडशे फुटांच्या अलीकडेपलीकडे पाणी लागलेलं होतं, रस्त्यालगतही आणि आतही. मला आकडा माहीत होता. कुठल्याही पोथीशिवाय, कुठल्याही यंत्राशिवाय. आणि बाजारात पहिल्या वर्षी शिकलेली गोष्टही माहीत होती, की राग आलेला असताना भाव बोलू नये.

मी मूठ मिटून दिली, म्हणजे इथे पाणीच नाही.

रेल्वेवाल्यांनी ती दोनदा चाचपून पाहिली. मी मूठ उघडली नाही.

मशीन चालू झालं. ज्यांनी बोअर पाहिली नाही त्यांना सांगतो, आवाजाने दात हलतात आणि पांढरी धूळ अशी उडते की क्षणात सगळे म्हातारे होतात. पहिले पंधरा-वीस फूट माती आली. मग एकदम ओलसर, काळपट चिखल यायला लागला. व्याही दोन पावलं पुढे झाले. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण चेहरा असा उजळला की मी आकडा ओळखला. मी मनात म्हटलं, आता हे रजिस्टरची सतरा पानं भरणार, आणि नातवंडांच्या नातवंडांना ऐकावं लागणार.

चिखल पाच फुटांत संपला. पुढे खडक लागला आणि कोरडी भुकटी उडायला लागली. व्याही दोन पावलं मागे आले.

साठ फूट, कोरडं. ऐंशी, कोरडं. शंभर झाले. मुलगी पायरीवरून उठून घरात गेली. खिडकीतून दिसलं, ती स्वयंपाकघरात उभी होती. पदराने नुसतं ओट्यावरचं कोरडं भांडं पुसत होती. 

मला जिंकत असल्यासारखं वाटायला हवं होतं. मूठ माझी होती आणि भोक कोरडं चाललं होतं. पण माझी नजर त्या भांड्यावरून हलेना, आणि दीडशेचा हिशेब प्रत्येक भोकाला लागू पडतोच असं नाही. एकशे दहाला मी मनात म्हणत होतो, लाग रे बाबा. पोथीतलं असशील तर पोथीतलं, पण लाग. व्याह्यांना हे कळलं असतं तर त्यांनी मला पेढा भरवला असता.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी तावातावाने आली. शेजारच्या शेतातली. तिने आपल्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि आमची धूळ त्यांवर बसत होती.

"मोहा खराब करून राहिले ना माहा. काय खोदून राहिले?"

मुलगी बाहेर आली. तिने म्हातारीला बसवलं, फुलं निवडून द्यायचं कबूल केलं आणि सांगितलं की जांभळाजवळ पाणी शोधतोय, मामाजींनी पोथीतून जागा काढली.

म्हातारी जांभळाकडे पाहून म्हणाली, "आता कायले शोधता? इथं झिरा होता. मी लगन होऊन आली तवा याच झाडाखाली पानी भरत होती. दोन मानूस खोल बी नव्हता. वारूळ तं मागून आलं, झिरा बुजला तवा."

व्याह्यांनी पोथी छातीशी धरली. "दोन माणूस? दोन पुरुष? नक्की?"

"हो जी. माही सासू आत उतरत होती, मी वरतून पान्याची गुंडी घेत होती."

"बघा," व्याही माझ्याकडे वळले. "शब्द न शब्द. दोन पुरुष खोल, पोथीत हेच माप आहे."

"पोथीत लिवलं हाय का हे?" म्हातारीने विचारलं.

"हो आजी. दीड हजार वर्षांपूर्वी."

म्हातारीने थोडा विचार केला. "मंग माह्या सासूसारख्या कोन्या बाईनंच सांगलं असन त्याले. लिवनारा थोडीच पानी भरते."

रेल्वेवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. व्याही हसले नाहीत. ते म्हातारीकडे असे पाहत राहिले, जसं वर्गात मागच्या बाकावरच्या पोराने न विचारता बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर पाहतात.

मी विचारलं, "मग तो झिरा आटला कसा?"

"मोटारी आल्या ना भाऊ. ह्याच्या घरी मोटार, त्याच्या घरी मोटार. पानी गेलं खाली."

मग रेल्वेवाले अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "मोटारी कोण विकते म्हणाल इकडं?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी जांभळाकडे पाहत राहिलो. पोथीतलं पाणी मीच खाली नेलं होतं, दुकानाच्या पाटीवर माझं नाव लिहून.

एकशे पंचेचाळीसला मशीनचा आवाज बदलला. ट्रकवाल्याने हात वर केला. आधी भुकटी काळी झाली, मग गाळ आला, मग गढूळ पाण्याचा असा फवारा उठला की जांभळाची पानं धुऊन निघाली आणि आम्ही सगळे त्याखाली भिजलो. मुलगी धावत घरात गेली आणि तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर पलंगाखालची खोकी एकेक करून बाहेर आणून पाण्यात फेकली. म्हातारी म्हणाली, "अवो, खोकी चांगली होती." आणि दोन उचलून घेऊन गेली, मोहासाठी.

पाणी ओसरल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. रेल्वेवाल्यांनी दुपट्टा पिळला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"आता सौदा उघडू का?" ते म्हणाले. "गुरुजींची दोन बोटं. वीस फूट."

व्याह्यांनी मान हलवली. "पोथीप्रमाणे दोन पुरुष, म्हणजे पंधरा फूट येत होते. अर्ध्या बोटाची सोय नव्हती."

"आणि भाऊंची मूठ."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी पाच वर्षं ती दुकानात माझ्या बाजूला बसायची, गिऱ्हाइकाची खोली विचारून लिहून घ्यायची. तिला माहीत होतं की मला माहीत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मुर्रीला किती फुटांची मोटार जाते?"

"दीडशेची. रस्त्यालगतही आणि आतही."

"आणि तुम्ही मूठ दिली."

मी दुपट्ट्याचं टोक पुन्हा पिळलं. रेल्वेवाले चहा आणायच्या निमित्ताने उठून गेले.

मला खात्री होती की आता व्याही सुरू होतील. म्हातारीचा झिरा, दोन पुरुष, शब्द न शब्द. त्यांनी रजिस्टर उघडलं. नवं पान घेतलं. डावीकडे कात्रण नव्हतं, म्हणून ती बाजू रिकामीच ठेवली. उजवीकडे लिहिलं: जागा, बरोबर. खोली, पोथीप्रमाणे पंधरा फूट, आपण सांगितली वीस, प्रत्यक्षात एकशे पंचेचाळीस. मग खिशातून लाल पेन काढलं आणि खोलीच्या ओळीपुढे फुली मारली. स्वतःच्या हाताने. पोरांच्या वहीत मारत असतील तशीच, टोकाला जरा ओढलेली.

"जागेला बरोबरची खूण काऊन नाही?" मी विचारलं.

"जागा बरोबर आली, पण पोथीमुळे आली की त्या आजींच्या सासूमुळे, ते मला माहीत नाही. आणि तुम्ही म्हणता की रस्त्यालगतही दीडशेलाच लागलं असतं. म्हणजे परीक्षा झालीच नाही. विद्यार्थ्याला मी असे गुण दिले नसते."

बारा वर्षं मी या माणसाशी भांडत होतो आणि तो मास्तर आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 

"माझी मूठही लिहा," मी म्हणालो.

"लिहू?"

"लिहा. आणि फुली मारा. माझी मोठी मारा."

त्यांनी लिहिलं आणि मारली. मोठी नाही मारली, तेवढीच मारली. मग पेन हातात धरून त्यांनी बांधाकडे पाहिलं. म्हातारी बांधावर खोकी वाळत घालत होती. 

"आजींचं नाव विचारून घ्यावं लागेल," ते म्हणाले. "आणि सासूचंही. पोथीत ते नाही. तिथे फक्त 'जाणकार सांगतात' असं आहे. एवढी वर्षं वाचतोय, पण जाणकार कोण हे मी कधी विचारलं नाही."

मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि पँटवरून मांडीवर हात ठेवला.

"गुरुजी, बैलाच्या शिंगांच्या वळ्यांचं एक पान आहे ना तुमच्याकडे? साक्षगंधानंतरचं?"

त्यांनी मागे पानं उलटली. होतं. त्यांना तो दिवस आठवत होता, म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी सुपारी तोंडात न टाकताच उठला होता. मला वाटलं, भाजी तिखट होती."

"त्या पानावर माझी नोंद पाहिजे."

"घालतो." त्यांनी पेन टेकवलं आणि लिहिता लिहिता वाचलं, "व्याह्यांनी हेच ज्ञान बैलबाजारात स्वानुभवाने..."

"स्वानुभव नाही. लाथ लिहा."

"अहो, हे रजिस्टर आहे. 'स्वानुभव' चांगला शब्द आहे."

"स्वानुभव कोणालाही येतो. लाथ मला बसली."

"'बैलाच्या प्रहाराने' लिहू?"

"प्रहार युद्धात असतो. लाथ."

ते म्हणाले, लाथ लिहितो, पण मग कोणत्या मांडीवर ते लिहिणार नाही, रजिस्टर घरातल्या बायाही वाचतात. मी म्हणालो, मांडी सोडली, पण खळग्याचं माप पाहिजे. ते म्हणाले, माप कशाला, मी मोजलेलं नाही. मी म्हणालो, मोजा. मुलगी पायरीवरून म्हणाली, "दोघंही गप्प बसा, चहा आला."

शेवटी सौदा असा ठरला. लाथ राहिली, मांडी गेली, आणि मापाच्या जागी कंसात 'वाटी बसेल एवढा, असे ते सांगतात; तपासणे बाकी' असं आलं. मी दुपट्ट्याखाली बोटं धरायला सांगितली. या वेळी त्यांना पहिल्याच झटक्यात जमलं.

दुपारी मी दुकानातून मोटार आणून बसवली. दीडशे फुटांची. मुलीने पहिला तांब्या भरून म्हातारीकडे नेला, दुसरा रेल्वेवाल्यांना दिला. व्याही रजिस्टर घेऊन बांधापर्यंत गेले होते आणि खाली वाकून म्हातारीला काहीतरी विचारत होते. ती मोठ्याने, शब्द तोडून तोडून सांगत होती, जसं ऐकू कमी येणाऱ्याला सांगतात. आणि ते लिहून घेत होते.